घोडीचा उपास

आमच्या घरात पित्ताचा त्रास दोघींना आहे, मला आणि घोडीला. माझं पित्त शाळेमुळे झालं असं मी म्हणते आणि स्वभावामुळे झालं असं आमचे हे म्हणतात. घोडीचं कशामुळे झालं, यावर मात्र आमच्याकडे अख्खी लग्नसराई भांडण चाललं. शेवटी औषध दोघींना एकाच जातीचं निघालं. माझी गोळी असते आणि तिचं मलमासारखं, पिचकारीत भरून यायचं, एवढाच फरक.

घोडी मामाजींची. मामाजी म्हणजे माझे सासरे. आम्ही देऊळघाटला राहतो. मी शाळेत शिकवते, हे मंडपवाल्याकडे टेम्पो चालवतात आणि मामाजी वरातीला घोडी देतात. त्यांच्या वडिलांचंही तेच काम होतं. मी जालन्याकडून या घरात आले, तेव्हा नवरदेव घरच्याच घोडीवर बसून आला म्हणून माझ्या माहेरी अजून हसतात. ती आधीची घोडी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे मामाजी मनातलं जिच्याशी बोलत, ती आधी घोडी आणि मग मी. असा क्रम होता. मला त्याचं काही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

ही घोडी पांढरी, कानांची टोकं आत वळलेली, आणि डोळे असे की समोरच्याला उगाच आपलंच काही चुकलंय असं वाटावं. तिचं नाव होतं ते नाचण्यासाठी. चिखली, मोताळा, पार नांदुऱ्यापर्यंत लोक तिला ओळखायचे. बाकीच्या घोड्या शिकवलेलं नाचतात. लगाम ओढला, छडी दाखवली की पाय उचलतात. आमची न शिकवता नाचायची. उभ्या जागी डाव्या पायावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर, मान इकडून तिकडे, अगदी लयीत. बँड असो की नसो. लोक म्हणायचे, झुलते. मामाजी म्हणायचे, "हिच्या रगतातच ताल हाय, बाई."

घरीसुद्धा झुलायची. गोठ्यात एकटी बांधलेली, तोंडासमोर भिंत, आणि बाईसाहेबांचं सकाळपासून चालू. मधेच गव्हाणीचं लाकूड दातांत धरायची, मान ताणायची आणि घशातून 'हुक्क' असा आवाज काढून हवा गिळायची. गव्हाणीची कड तिने कुरतडून अर्धी केली होती. हे काय चाललंय, असं मी एकदा मामाजींना विचारलं. ते कौतुकाने म्हणाले, "रियाज करून राह्यली."

आता रियाज करणारी माणसं मीही पाहिली आहेत. कोणी पेटी खात नाही. पण सासऱ्यांपुढे जास्त बोलायचं नाही असं मी तेव्हा ठरवलेलं होतं. ते पुढे फार टिकलं नाही.

आता उपासाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं. वरातीच्या दिवशी घोडीला सकाळपासून काही खायला द्यायचं नाही, असा या घराचा नियम. का? तर नवरदेव मांडवाच्या दारात आला, बाया ताट घेऊन ओवाळायला उभ्या राहिल्या आणि नेमकं तेव्हाच घोडीने शेपूट वर केलं तर काय शोभा राहिली? दुसऱ्यांच्या घोड्या करतात असं. मामाजींच्या घोडीने कधी केलं नव्हतं. "आमच्या घोडीनं आजवर कोणाच्या मांडवाच्या दारात लीद टाकली नाही," हे ते नव्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगायचे. माणसाला एखादी गोष्ट असते ना अब्रूची, तशी ही त्यांची होती.

याला घरात उपास म्हणायचे. "आज तिचा उपास हाय." आणि कळस म्हणजे मामाजी स्वतःही तो धरायचे. मुकं जनावर उपाशी असताना आपण भाकर कशी मोडायची, म्हणून वरातीच्या दिवशी त्यांचं नुसतं पाणी आणि काळा चहा. वरात आटोपली, घोडी घरी आली, तिच्यापुढे हरभरा आणि गुळाची भरलेली बादली ठेवली की मग हे हात धुऊन ताटावर बसणार. तिथी लागून आल्या की दोघांचे उपासही लागून. माझ्या चतुर्थीला निदान साबुदाणा असतो. यांच्या उपासाला तेही नाही, आणि देव कोणता असं विचारलं तर मामाजी रागवायचे.

त्या सराईत लग्नं फार होती. घोडी वाळायला लागली. बरगड्या दिसू लागल्या, अंगावरची चमक गेली. बादली पुढे केली की चार दाणे तोंडात घ्यायची आणि मान फिरवायची. दात करकर चावायची. कारण नसताना जांभया द्यायची. खोगिराचा पोटाखालचा पट्टा आवळायला गेलं की कान मागे टाकून चावायलाच धावायची. ह्यांच्या दंडावर तिच्या दातांची खूण अजून आहे. ती त्यांनी मला दाखवली तेव्हा मला घोडीचा राग आला नाही, याचा त्यांना फार राग आला.

मामाजींच्या मते नजर लागली होती. "इतकी झुलते, लोकायची नजर लागणार नाई तं काय होईन?" मग मीठ-मोहरी उतरवून झाली. पायात काळा दोरा आला. तुरटी ओवाळून विस्तवात टाकली आणि तिचा जो काही फुगलेला आकार झाला, तो बाईमाणसाचा निघाला. मामाजींनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मग थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मामाजी, मी सकाळपासून शाळेत होते." ते म्हणाले, "म्या काही म्हटलं का?"

मग चिखलीची ती वरात झाली. मी तिथे नव्हते, पण त्याचा व्हिडिओ अर्ध्या जिल्ह्याने पाहिला तसा मीही पाहिला. भर रस्त्यात बँड वाजतोय, पोरं नाचताहेत, बाशिंग बांधलेला नवरदेव वर बसलेला, आणि घोडी रोजच्यापेक्षा जोरात झुलते आहे. मग तिचे पुढचे गुडघे वाकतात आणि ती नवरदेवासकट खाली बसते. नवरदेवाचे पाय रस्त्याला टेकलेले, बाशिंग कानावर आलेलं, आणि तोंडावर भाव असा की असंच असतं का, हे कोणाला विचारावं. लोकांनी टाळ्या पिटल्या. "सलाम करून राह्यली बे! काय अदा हाय!" बँडवाल्याने आणखी चढं वाजवलं.

त्या व्हिडिओत मामाजी एका कडेला दिसतात. ते रस्त्यावर तिच्या डोक्यापाशी उकिडवे बसलेत, हात तिच्या गालावर, आणि तोंडाने काहीतरी बोलताहेत. बँडमुळे ते ऐकू येत नाही. घोडी मान वळवून आपल्याच पोटाकडे पाहते आहे. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला आणि मला रडू आलं. व्हिडिओखाली लोकांनी हसरी तोंडं टाकली होती.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "बसणारी घोडी तुमचीच का? आमच्या दारात बी बसवसान का?" मामाजींनी फोन ह्यांच्या हातात दिला आणि गोठ्यात निघून गेले. मी मागे गेले. म्हटलं, "आता डॉक्टर." ते म्हणाले, "आणा." मी भांडायच्या तयारीने गेले होते, त्यामुळे माझी जरा पंचाईत झाली.

जनावरांचा डॉक्टर तरुण होता. आल्या आल्या खरं बोलला. "मॅडम, मी गायी, म्हशी, बकऱ्या रोज पाहतो. घोडं कॉलेजात पाहिलं, तेही परीक्षेपुरतं." मला तो माणूस तिथेच आवडला. त्याचा एक मित्र पुण्यात रेसच्या घोड्यांकडे होता. त्याला फोन लावून, विचारत विचारत त्याने तपासलं. मग खुर्ची मागितली आणि गोठ्यासमोर नुसता बसून राहिला. घोडी झुलत होती. मामाजी बाजूला उभे होते, मुलीचं गाणं ऐकायला पाहुणे आल्यासारखे.

"किती वेळ करते असं?" डॉक्टरने विचारलं.

"दिवसभर. जातिवंत हाय."

"आज खायला काय दिलं?"

"आज तिचा उपास हाय."

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागला. मी गोठ्याच्या पत्र्याकडे.

मग त्याने समजावून सांगितलं. घोड्याच्या पोटात पित्त दिवसरात्र सुटतच राहतं, खाल्लं काय, न खाल्लं काय. हे जनावर दिवसभर थोडं थोडं चरायला जन्मलेलं. चारा चघळताना लाळ सुटते, ती लाळ आणि तो चारा मिळून पित्ताला आवरतात. पोट रिकामं ठेवलं की पित्त पोटालाच खातं आणि आत जखमा होतात. त्यात दिवसभर उपाशी, वर ओझं, कानाशी बँड, आणि घरी आल्यावर एकदम बादलीभर हरभरा. "नळी घालून आत पाहिल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही आणि ती सोय इथे नाही. पण लक्षणं सगळी तीच आहेत. औषध देऊन पाहू. आणि बाबा, हा नाच नाही. एकटं बांधलेलं, घाबरलेलं जनावर असं झुलतं. लाकूड धरून हवा गिळतं तेही त्यातलंच. असंच चालू राहिलं तर एक दिवस पोटाला भोक पडेल, मग मी काही करू शकणार नाही."

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. चहा पाजला. मग म्हणाले, "तुमी गायीचे डॉक्टर," आणि त्याला फाटकापर्यंत पोचवून आले.

तिथे माझं डोकं फिरलं. मी जे ठरवलं होतं ते सगळं सोडलं आणि अंगणात उभी राहून बोलले. म्हटलं, मामाजी, चतुर्थीच्या दिवशी चार वाजता, माझ्या पोटात आग पडलेली असताना, मला कोणी म्हटलं की पाठीवर माणूस घे आणि बाजारातून नाचत चल, तर मी काय करीन?

मामाजींनी विचार केला. "तुमी चावसान," ते म्हणाले.

"मग ती काय करते आहे?"

शेजारची बाई भिंतीवरून पाहत होती, तिलाही मी विचारलं, काय पाहता? ती म्हणाली, काही नाही, तुरटी उरली असेल तर द्या. मी आत आले. रात्री वरात करून परतल्यावर मामाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बरी झाली तं झुलन का थे?"

मी म्हटलं, "नाही. डॉक्टर म्हणाला तसं असेल तर नाही झुलणार."

"मंग तिले बोलावन कोण?"

न नाचणारी, वय झालेली घोडी या धंद्यातला माणूस बाजारात नेतो, आणि तिथून पुढे ती कुठे जाते ते कोणी विचारत नाही. नाच ठेवला तर घोडी जाणार होती, आणि घोडी ठेवली तर मामाजींनी जन्मभर जे मिरवलं ते जाणार होतं. ते दारात तसेच उभे राहिले. मी पोळ्या लाटत राहिले, कारण दुसरं काय करणार.

पुढची वरात शनिवारी होती. शनिवारची सकाळची शाळा करून मी घरी आले, तर मामाजी गोठ्यात बसलेले. मांडीवर लसूणघासाची पेंढी, आणि एकेक काडी काढून घोडीच्या तोंडात देताहेत. मला पाहून त्यांनी पेंढी पाठीमागे सारली. या वयात. पेंढी तिथे मावत नव्हती, घोडीने मान लांब करून ती पाठीमागून ओढली.

"आज उपास नाही?" मी विचारलं.

"तिचा मोडला."

"आणि तुमचा?"

"मले सवय हाय."

मी ताट आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि ते खाईपर्यंत तिथून हलले नाही. शाळेत मी डबा न संपवणाऱ्या पोरांवर जो डोळा ठेवते, तोच ठेवला. त्यांनी खाल्लं, आणि अपचन झाल्याची तक्रार संध्याकाळपर्यंत केली.

औषध पुण्याहून आलं. मामाजी स्वतः पिचकारी तिच्या गालात सोडायचे, आणि ती थुंकू नये म्हणून तिचं तोंड वर धरून तिच्याशी बोलायचे. हरभरा कमी केला, गूळ बंद. पुढ्यात सतत कडबा आणि घास. कडबा पटकन संपू नये म्हणून ह्यांनी टेम्पोवरची जाळी कापून पिशवी शिवली, त्यातून तिला ओढून ओढून खावं लागे. गोठ्याची समोरची भिंत अर्धी पाडली, म्हणजे तिला रस्ता दिसेल. आणि सोबतीला बकरी आणली. डॉक्टरच म्हणाला होता की हे एकटं राहणारं जनावर नाही. बकरीने पहिल्याच दिवशी तिचा घास खाल्ला, पाण्याच्या टाकीवर चढली आणि माझ्या वाळत घातलेल्या साडीचा पदर चावला. घोडी तिच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही बकरीला लाथ घालणार. पण थोड्या दिवसांनी बकरी जरा दूर गेली की हीच खिंकाळायची. मामाजी म्हणाले, "करमत नाई वं तिले." बकरीची बदमाशी यात माफ झाली. माझी साडी कोणी विचारली नाही.

घोडी भरू लागली. पट्टा आवळताना कान मागे जायचे, पण दात यायचे नाहीत. हुक्क हुक्क अजून करते, ती सवय जाणार नाही असं डॉक्टर म्हणतो, पण गव्हाणीची नवी कड अजून शाबूत आहे. आणि झुलणं कमी होत गेलं. मामाजी रोज संध्याकाळी सांगायचे, "आज कमी झुलली." ताप उतरल्याची बातमी असावी तसं सांगायचे, पण आवाज ताप उतरल्याचा नसायचा. एक दिवस ती नुसती उभी होती. एक पाय सैल सोडून, डोळे अर्धे मिटून, बकरी तिच्या पायाशी. मामाजी पुष्कळ वेळ पाहत राहिले आणि मग कामाला लागले.

आणि नेमकं त्यानंतर आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलाचं लग्न आलं. बुलढाण्याला, मोठ्या मंगल कार्यालयात. घोडी माझ्यामार्फतच सांगून ठेवली होती, फार आधी. "तीच हं मॅडम, नाचणारी." मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की तिची तब्येत आता बरी आहे. ते म्हणाले, छान, छान. त्यांना वाटलं, मी जाहिरात करते आहे.

मामाजींनी तिला सकाळपासून पोटभर घास घातला होता. कोसा रेशमाच्या फिकट तपकिरी रंगाचा फेटा बांधून, लगाम धरून ते पुढे. बँड सुरू झाला. घोडी चालू लागली. नुसती चालू लागली. शाळेची वेळ झालेली बाई जशी रस्त्याच्या कडेने जाते, तशी सरळ, कोणाकडे न बघता. चौकात वरात थांबली, पोरांनी रिंगण केलं, मोबाइल वर झाले. घोडी थांबली. बँडवाल्याने तिच्या कानाशी जाऊन वाजवलं. तिने एक कान हलवला.

"नाचव ना बे, बुढ्या!" कोणीतरी ओरडलं. नवरदेवाचा मामा आला, "काऊन नाचून नाई राह्यली थे? आमी काय पाहाले आलो?" एका पोराने झाडाची फांदी आणून मामाजींपुढे धरली. मामाजींनी ती घेतली. मी गर्दीत मागे होते, भरजरी नेसलेली, आणि पुढे जाऊन त्या पोराच्या कानफटात द्यावी की मामाजींच्या हातातून फांदी ओढावी, हे मला ठरवता येईना. मामाजींनी फांदीचा पाला घोडीपुढे धरला. तिने हुंगला आणि नको म्हणून मान फिरवली. त्यांनी फांदी टाकून दिली आणि लगाम धरून चालायला लागले. लोक हसले. "घोडी हाय का म्हैस?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मामाजींनीही ऐकलं असणार, कारण त्यांची मान खाली गेली.

कार्यालयाच्या दारात बाया ताटं घेऊन उभ्या होत्या. रांगोळी काढलेली, लाल गालिचा टाकलेला. पहिलं ताट वर उचललं गेलं. आणि घोडीने शेपूट वर केलं.

लीद भरपूर होती. ताट तसंच हवेत राहिलं. सनईचं रेकॉर्डिंग तेवढं चालू होतं. कोणीतरी नाकाला पदर लावला. मुख्याध्यापक पुढे आले, चेहरा असा की शाळेत असते तर सगळ्या वर्गांना छडी बसली असती. "काय हो बाबा," ते म्हणाले, "नाचली तर नाहीच, वरून हे? अशी नव्हती ना तुमची घोडी?"

मी मधे घुसणार होते. तेवढ्यात मामाजींनी खांद्यावरचा धुतलेला दुपट्टा काढला, गालिच्यावर अंथरला, खाली बसले आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही हातांनी लीद त्यात भरू लागले. भरता भरता त्यांनी पोटभर खाल्लेल्या घासाचा एक हिरवट गोळा हातात धरून नीट पाहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"नव्हती अशी, गुरुजी," ते म्हणाले. "थे नाचत बी नव्हती. दुखत होतं तिले. अन आमी बँड वाजोत होतो."